कोरडा अंगठा

ताई बॅग घेऊन आली तेव्हाच वहिनीने ओळखलं की ही राहायला आलेली नाही. राहायला येणारं माणूस बॅग आतल्या खोलीत नेतं. ताईने ती जिन्याच्या तोंडाशीच ठेवली, कठड्याला टेकवून, आणि बॅग हळूच एका अंगावर कलली. म्हणजे रिकामी होती. आणि रिकामी बॅग एवढ्या लांबून कोणी हवा भरून न्यायला आणत नाही.

"आधी पाणी तर पी," वहिनी म्हणाली.

"पिते. पण तू आज मला समजवायला बसू नकोस, वहिनी. मी ठरवून आलेय."

वहिनी समजावणार नव्हतीच. ताई लहानपणापासून ठरवूनच येते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वडिलांशी, आबांशी भांडून ती घराबाहेर पडली तीही ठरवूनच, आणि नवऱ्याला सोडून मुलीला इथे ठेवायला आली तीही. वहिनीने पाणी दिलं, लाल ठिपक्याच्या पेल्यातून.

माडीवरच्या या स्वयंपाकघरात सगळ्या भांड्यांना लाल ठिपका होता. कुठल्याशा लग्नासाठी घेतलेली नेलपॉलिशची बाटली वहिनीच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होती. नखांना लावायचा धीर कधी झाला नाही, शेवटी ती पातेल्यांना लागली. लाल ठिपका म्हणजे मुंगीचं भांडं. त्याला गव्हाचा हात लागायचा नाही.

मुंगी ही ताईची मुलगी. साखरेच्या वासाने पोत्यांमागून वाट काढत थेट भट्टीपर्यंत पोहोचायची, म्हणून तिला थोरल्या मामाने, वहिनीच्या नवऱ्याने, हे नाव दिलं. मग मागच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं, उंची थांबली, फ्रॉक ढगळ व्हायला लागले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हिला गहू चालणार नाही. थोडासुद्धा नाही, कणभरही नाही. खाली बेकरी, वर घर, तीन पिढ्या गव्हावर पोसलेल्या, आणि त्या घरातल्या एकुलत्या एका नातीला गहू वर्ज्य. आई, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, पहिले चार दिवस डॉक्टरला चुकीचा कागद गेला असंच म्हणत होत्या.

पण वहिनीने मनावर घेतलं. तिला कोणी शिकवलं नाही, तिचं तीच शिकली. पहिली बिस्किटं झाली ती कागदावर वजन म्हणून ठेवण्याजोगी. दुसरी झाली ती उचलताच वाळूसारखी सांडली. गव्हाशिवायचं पीठ म्हणजे वाटण्या झालेलं घर, जो तो सुटा, एकमेकांना धरून ठेवणारं कोणी नाही. शेवटी तिला जवस सापडला. दळून पाण्यात भिजवला की तो बुळबुळीत होतो आणि सगळ्यांना गोळा करून बसवतो. बदाम विकतचे पीठ करून आणायचे नाहीत, कारण ते कुठल्या गिरणीत कशाच्या पाठोपाठ दळले कोण जाणे. बदाम घरी, लाल ठिपक्याच्या भांड्यात. साखर नाही, बिया काढून ठेचलेला खजूर. एखादं काळं पडायला आलेलं केळं, थोडं लोणी, अक्रोडाचे तुकडे, चिमूटभर मीठ. हळूहळू जमलं. मुंगी रोज शाळेच्या डब्यात तीच न्यायची, आणि डबा रिकामा परत आणायची.

आणि तरीही रक्ततपासणीचा आकडा पुन्हा वर गेला होता.

ताई परगावच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत होती, त्यामुळे आकड्याचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. फोनवर ती फारसं बोलली नव्हती. आता पाणी पिऊन पेला खाली ठेवत तिने सरळ सांगितलं की ती मुंगीला न्यायला आलीय. तिची पाळीची नोकरी, एका खोलीचं बिऱ्हाड, शाळेतून आल्यावर पोरीला कुलूप उघडून एकटं बसावं लागेल, हे सगळं तिला ठाऊक होतं. पण त्या खोलीत गव्हाचा कण नव्हता.

"इथे हवेत पीठ आहे, वहिनी," ती म्हणाली. "तू किती पुसशील?"

वहिनी खूप पुसत होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर ओलं गोणपाट, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. भट्टीवरून आलेल्या नवऱ्याने खालीच कपडे काढून अंघोळ केल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही, अशी शिस्त. थोरला स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा ओल्या केसांनी यायचा आणि कुठे बसू असं विचारायचा. वहिनीला मूल नव्हतं, त्याची हकिकत उगाळण्यात अर्थ नाही. एवढंच की या वर्षभरात तिने दुसऱ्या कुठल्या गोष्टीकडे नीट पाहिलं नव्हतं, आणि ही बॅग भरली गेली तर उद्या सकाळी उठून नेमकं काय पाहायचं, हे तिला सुचत नव्हतं.

हे ती ताईला बोलली नाही. मामीने भाचीसाठी किती बोलावं याला एक हद्द असते.

तेवढ्यात धाकटा भाऊ आला. ताईने त्यालाही बोलावून ठेवलं होतं. वेगळा झाल्यापासून त्याचं दुकान चौकात होतं, झगझगीत, काचेच्या दाराचं. तो हातात खोका घेऊनच जिना चढला. आत रंगीत पाकिटं, प्रत्येकावर गव्हाच्या लोंबीवर फुली मारलेली.

"कारखान्यातला माल आहे," तो म्हणाला. "तपासून येतो. वहिनी, तुमचा हात चांगला आहे, पण घरच्या हाताची खात्री कोण देणार?"

वहिनीने एक पाकीट उलटं करून मागचं बारीक वाचलं. साखर, मग आणखी एका नावाची साखर, मग स्टार्च, मग तेल. "भाऊजी, यात गहू नाही हे खरं," ती म्हणाली. "पण यात दुसरंही काही नाही."

धाकटा हसला. वहिनीशी त्याचं वाकडं नव्हतं, वाकडं होतं ते थोरल्याशी, आणि तेही अंगठ्यावरून.

अंगठ्याचं असं होतं. आबांच्या काळापासून या बेकरीत प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यातल्या एका बिस्किटावर घरातलं मोठं माणूस अंगठा दाबायचं, आणि मगच तो ट्रे भट्टीत जायचा. बिनखुणेचा ट्रे आत गेला तर तो माल गल्ल्यावर येत नसे. गिऱ्हाइकं खुणेचं बिस्कीट आपल्या पुड्यात यावं म्हणून भांडायची. आबा गेल्यावर तो मान आईंकडे आला. धाकट्याने वेगळं होताना आबांच्या अंगठ्याचा लोखंडी ठसा करून घेतला आणि त्याच्या दुकानात प्रत्येक बिस्किटावर तो उठायला लागला. तेव्हापासून थोरला चौकातून जाताना रस्ता बदलायचा.

आणि मुंगीसाठी आई प्रत्येक बिस्किटावर अंगठा उठवायच्या. खाली ट्रेला एकच, वर मात्र सगळ्यांवर. मुंगीनेच हट्ट धरला होता. सगळ्यांचं सगळं खायचं बंद झाल्यावर तिला निदान एवढं तरी जास्तीचं मिळायला हवं होतं.

आई कपडे बदलून वर आल्या तेव्हा ताई, धाकटा आणि वहिनी तिघंही गप्प होती. गप्प बसण्याचा अर्थ आईंना पटकन कळायचा.

"माझ्यावर आलंय ना?" त्या खुर्चीत बसत म्हणाल्या.

धाकट्याने खिडकीबाहेर पाहिलं. पण मुद्दा त्यानेच काढलेला होता. मध्यंतरी गुडघ्यासाठी आई पंधरवडाभर त्याच्याकडे राहायला होत्या, त्या दिवसांत मुंगीचं पोट एकदाही दुखलं नव्हतं. आई परत आल्या आणि दुखणं परत आलं. त्याने हे ताईला फोनवर सांगितलं होतं. वाईट हेतूने नाही, असं त्याचं म्हणणं. पण सांगितलं होतं.

"तू तिला खालचं काही देतेस का?" ताईने विचारलं. "लपवून. एखादं बिस्कीट. लाडाने. दिलं असशील तर सांग, मी रागावणार नाही."

"रागावशील."

"दिलंस का?"

"नाही."

"मुंगी?"

मुंगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर होती. पायांत बूट. तिने मान हलवली. आजी देत नाही, ती म्हणाली, मी मागितलं तरी देत नाही, उलट हातावर मारते.

ताईच्या चेहऱ्यावर विश्वास उमटला नाही. आईंनी लेकीकडे पाहिलं, मग सुनेकडे. वहिनीने नजर खाली घातली, कारण तिचाही विश्वास पुरता नव्हता. मध्यंतरी एकदा झोपलेल्या मुंगीवर वाकून तिने तिच्या तोंडाचा वास घेतला होता, व्हॅनिलाचा येतो का पाहायला. आला नव्हता. तरी शंका गेली नव्हती. एकाच घरात राहायचं, एकाच भट्टीवर राबायचं आणि सासूवर अशी पाळत ठेवायची, हे काही तिला शोभणारं नव्हतं, पण ठेवली होती.

"माझ्यासमोर कर," ताई एकदम म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला बघू दे."

वहिनीने पदर खोचला. खरं तर याचीच ती वाट पाहत होती. परीक्षेला ती भीत नव्हती. तिने ओटा पुसला, पुसलेलं फडकं उकळत्या पाण्यात टाकलं. बदाम काढले, दळले, चाळले, जाड राहिलेले पुन्हा दळले. खजूर भिजलेलाच होता. ताई प्रश्न विचारत गेली आणि वहिनी उत्तरं देत गेली. लोणी कुठलं, चाळणी कधी घेतली, अक्रोड फोडलेले की अख्खे. धाकटाही जवळ येऊन उभा राहिला. मालकीचं दुकान झालं तरी मुळात तो पीठवाला, मिश्रण कसं मिळून येतं ते बघायचा मोह त्याला आवरेना. जवसाचा चिकट गोळा बोटावर घेऊन त्याने ताणून पाहिला आणि भुवया उंचावल्या.

"आता झाकून ठेवायचं," वहिनी म्हणाली. "घाई केली की पसरतात."

"किती वेळ?"

"घट्ट होईपर्यंत."

"हे काही उत्तर नाही, वहिनी."

"पीठ घड्याळ बघत नाही, ताई. तू विसरलीस."

ताई किंचित हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. तिचे आणि वहिनीचे कधीकाळी चांगले दिवस होते. खालच्या पोत्यांवर बसून दोघींनी आबांच्या नावाने बोटं मोडली होती. पण हसू टिकलं नाही. ताईने खुर्ची उचलली आणि ओव्हनच्या अगदी समोर नेऊन ठेवली. ट्रे आत जाईपर्यंत मी इथून हलणार नाही, ती म्हणाली.

ती जागा वहिनीची होती. रोज ती तिथे ओव्हनचं दार उघडून, टेबलाकडे पाठ करून उभी राहायची, आणि मागे आई अंगठे उठवायच्या. झालं की आई "हं" म्हणायच्या, वहिनी वळून ट्रे घ्यायची आणि सरळ आत सरकवायची. एवढी वर्षं खाली भट्टीवर दोघींनी असंच पाठीला पाठ लावून काम केलं होतं. एकीने आग सांभाळायची, दुसरीने खूण करायची. एकमेकींकडे बघायची गरज पडली नव्हती.

आज वहिनीला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागलं.

तेवढ्यात थोरला जिना चढून आला. अंघोळ न करता आला होता, त्यामुळे गोणपाटापलीकडेच थांबला. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर पीठ. धाकट्याला पाहून त्याने मान फिरवली, रिकामी बॅग पाहिली आणि कठड्याला धरून उभा राहिला. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नाही, आणि म्हणताही येत नव्हतं.

आईंनी नळावर हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून, नखांतून ब्रश फिरवून. मग त्या ताईसमोर उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे, मग उलटे.

"बघून घे," त्या म्हणाल्या.

ताईने पाहिलं आणि मान हलवली. आईंनी खुंटीवरचा एप्रन घेतला. हा एप्रन वहिनीने खास वरच्यासाठी शिवला होता आणि मुद्दाम बिनखिशाचा ठेवला होता, कारण बेकरीतल्या माणसाच्या खिशात काय काय साठतं हे तिला माहीत होतं. आईंनी दुसऱ्याच दिवशी त्याला उशीच्या अभ्र्याचा खिसा लावून घेतला. बिनखिशाच्या एप्रनमध्ये माणसाने हात ठेवायचा कुठे, असं त्यांचं म्हणणं. वहिनीने तो खिसाही अधूनमधून उलटा करून पाहिला होता. खुंटीवर असताना तो रिकामाच असायचा.

कागद पसरलेल्या ट्रेवर गोळे ओळीने बसले. खजुराने पीठ गडद झालेलं, जुन्या लाकडासारखं. आई वाकल्या. त्यांचा उजवा हात कमरेशी गेला, खिशात शिरला, बाहेर आला, आणि अंगठा पहिल्या गोळ्यावर दाबला गेला. स्वच्छ, गोल, नेमका. मग हात पुन्हा खिशात.

वहिनीने पाहिलं.

त्या गडद पिठात, अंगठ्याने पाडलेल्या खळगीच्या तळाशी फिकी झाक होती. काचेवर श्वास सोडल्यावर येते तेवढीच. ओव्हनमध्ये गेल्यावर ती तपकिरी रंगात मिळून गेली असती. ताई बघत होती, पण तिचे डोळे वहिनीच्या हातांवर होते. आईचे हात तिने आधीच तपासले होते.

दुसरा गोळा. तिसरा.

वहिनीला सगळं एकदम कळलं. गप्प बसता आलं असतं. हा ट्रे करपवता आला असता. खिशातली ती वस्तू उद्या गुपचूप धुवून टाकता आली असती, आणि कोणालाही काही न कळता मुंगी बरी झाली असती. फक्त बरी झालेली ती इथे बघायला मिळाली नसती, कारण बॅग आज भरली जाणार होती. आणि बोलायचं तर लेकीसमोर, दोन्ही मुलांसमोर, नातीसमोर बोलायचं, की पोरीला दुखणं द्यायचा तो हा हात. नुकताच तपासायला पुढे केलेला.

"आई," ती म्हणाली, "थांबा जरा. खिशात काय आहे?"

"काय असणार? रुमाल."

"बघू."

"काय वहिनी," धाकटा म्हणाला, "आता आईची झडती घ्यायची का?"

आईंनी रुमाल काढून दिला. आबांचा होता, मोठ्या चौकड्यांचा. ते गेल्यापासून तो आईंजवळच असायचा, हे सगळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की तो कोणाला दिसतच नसे. खालच्या एप्रनमधून कमरेला, एप्रन बांधताना कमरेतून वरच्याच्या खिशात, आणि तसाच पुन्हा खाली. दिवसभर पिठात, पोत्यांशेजारी, भट्टीच्या काठावर. वहिनीने तो टोकाला धरून खिडकीशी नेला. उतरतं ऊन आत आलं होतं. तिने रुमाल एकदाच झटकला.

उन्हात एक छोटा ढग उठला आणि सावकाश खाली बसला.

तिथे असलेलं प्रत्येक माणूस पिठाच्या घरात जन्मलेलं किंवा मुरलेलं होतं. ते काय आहे हे कोणाला सांगावं लागलं नाही.

"हात धुतला की अंगठा ओला राहतो," आई म्हणाल्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. "ओल्याला पीठ चिकटतं. म्हणून पुसते. यांनीच शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा हेच शिकवलं. अंगठा कोरडा पाहिजे."

त्यांनी आपला अंगठा वर धरला आणि पाहिला. पांढरा होता. एवढी वर्षं तो तसाच असायचा, त्यामुळे तो पांढरा आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ताई खुर्चीवरून उठली होती ती तशीच उभी राहिली. येताना बसमध्ये तिने एक वाक्य तयार केलं असावं, दोषी सापडेल त्याला ऐकवायला. ते या माणसाला लागू पडत नव्हतं. धाकट्याने खोक्यातली पाकिटं उगाच सरळ केली. फोनवर आपण सांगितलेलं खरं ठरलं, याचं त्याला अजिबात बरं वाटलेलं दिसत नव्हतं.

आईंनी एप्रन काढला, घडी केला, खिसा आत जाईल अशी.

"घेऊन जा तिला," त्या ताईला म्हणाल्या.

वहिनीने मान वर केली. पोरगी जाऊ द्यायची नाही म्हणून मघाशी खुर्चीत ठाण मांडून बसल्या होत्या त्या याच.

"आई, कारण सापडलं," वहिनी म्हणाली. "आता काय प्रश्न राहिला?"

"हे एक सापडलं. दुसरं काय काय करत असेन, मला काय माहीत? मला हेच कुठे माहीत होतं?" त्यांचा आवाज चढला नाही. "या हाताला पिठाशिवाय काही येत नाही, सूनबाई. तिला इथून ने, ताई. नाहीतर मी खाली राहते. आजपासून वर यायची नाही."

"आई," गोणपाटापलीकडून थोरला म्हणाला. एवढंच. त्याला पुढे येता येत नव्हतं, आणि त्या एका पायरीचं अंतर आज पहिल्यांदाच त्याला जड गेलं असावं.

मुंगी उंबऱ्यावरून उठून टेबलापर्यंत आली. तिने ट्रे पाहिला, खुणा झालेले गोळे आणि न झालेले.

"मग माझी खूण कोण करणार?"

धाकट्याने घसा साफ केला. "माझ्याकडचा ठसा आणू का? लोखंडी आहे. उकळूनसुद्धा घेता येतो."

आईंसमोर त्या ठशाचं नाव आजवर कोणी काढलं नव्हतं. थोरल्याने कठडा घट्ट धरला. पण धाकटा खरंच मदत म्हणून बोलला होता, आणि ते सगळ्यांना कळलं.

"तो आजोबांचा आहे," मुंगी म्हणाली. "आजीचा नाही."

"बिनखुणेची खा मग," आई म्हणाल्या. "चव तीच लागते."

"बिनखुणेची आपल्याकडे विकत नाहीत."

"तुला कुठे विकत देतोय?"

"मग मी खाणार नाही."

ताईने ट्रे उचलला आणि कागदासकट सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. ट्रे धुतला, उकळतं पाणी घातलं. टेबल पुसलं. वहिनी पीठ नेहमी दोन ट्रेंचं करायची, त्यामुळे झाकलेल्या भांड्यात अर्धं शिल्लक होतं. ताईने आपले हात धुतले आणि भांडं पुढे ओढलं.

आबांशी भांडून गेल्यापासून या घरात तिने पिठाला हात लावला नव्हता. वहिनी बघत राहिली. ताईने दोन्ही तळव्यांत एकाच वेळी दोन गोळे घेतले आणि ते टेबलावर फिरवले. दोन्ही एकाच मापाचे निघाले. मग पुढचे दोन. असं बेकरीबाहेर कोणी करत नाही. प्रयोगशाळेत तर नाहीच.

ओळी भरल्या. ताईने लाल ठिपक्याच्या वाडग्यात पाणी घेतलं आणि आईपुढे ठेवलं.

"हात पुन्हा धू," ती म्हणाली. "आणि पुसू नकोस."

"ओल्या अंगठ्याने खूण धड उठत नाही."

"नाही उठली तर नाही."

"पीठ वर येतं अंगठ्याबरोबर. फाटतं."

"आई. धू."

आईंनी वाडग्याकडे पाहिलं. मग नळाकडे गेल्या. या वेळी त्यांनी हात इतके घासले की कातडी लाल झाली. परत आल्या तेव्हा दोन्ही हात समोर धरून, ठिबकत, कशालाही न लावता. कपड्यालाही नाही. वहिनी बाजूला झाली. अंगठा पाण्यात बुडाला, गोळ्यावर टेकला, दाबला गेला, आणि उचलताना पीठ खरोखरच त्याच्याबरोबर वर आलं. खळगीच्या मध्ये एक वाकडं टोक उभं राहिलं.

"फाटली," थोरला लांबूनच म्हणाला. एवढ्या अंतरावरून त्याला ते दिसलं.

"फाटू दे," आई म्हणाल्या आणि अंगठा पुन्हा पाण्यात घातला.

सगळ्यांवर खुणा झाल्या. एकही धड नव्हती. ट्रे आत गेला. ताई आता ओव्हनसमोर बसली नाही, वहिनीची जागा मोकळी ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. धाकट्याने जाता जाता थोरल्याजवळ थांबून विचारलं की हे जवसाचं खालच्या मालात कोणी करून बघितलंय का. थोरल्याने नाही म्हणून सांगितलं. दोघांत कित्येक महिन्यांनी झालेलं बोलणं ते एवढंच. पाकिटांचा खोका धाकटा सोबत घेऊन गेला.

बिस्किटं बाहेर आल्यावरही लगेच हात लावायचा नसतो, गरम असताना ती मोडतात. मुंगी टेबलाला हनुवटी टेकवून निवायची वाट बघत बसली. मध्येच तिने वाकून बूट काढले आणि पायानेच टेबलाखाली सरकवले. ताईने ते पाहिलं.

"दादा," ती जिन्याकडे न वळताच म्हणाली, "संध्याकाळच्या बसचं एकच तिकीट काढ."

थोरला "बरं" म्हणाला आणि खाली उतरला. उतरताना त्याने रिकामी बॅग उचलून कठड्यापासून बाजूला, भिंतीशी ठेवली.

"पुढच्या तपासणीपर्यंत," ताई वहिनीला म्हणाली. "मग बघू."

"बघू," वहिनी म्हणाली.

तिने टेबलावरचा रुमाल दोन बोटांनी उचलला आणि खाली अंगणातल्या नळावर नेला. बादलीत बुडवताच पाणी दुधासारखं झालं. ते ओतून तिने नवं पाणी घेतलं, रुमाल चुरगाळला, पिळला. तेही पांढरं झालं. वरून मुंगीचा आवाज आला, मामी, निवली गं, येतेस का. आले, वहिनी म्हणाली, आणि पुन्हा नळ सोडला.